युद्ध संपल्यावर अर्धी गॅलरी

८ मार्च, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून नोंदी ठेवायच्या. मोठ्या घडामोडींच्या काळात जबाबदार माणसानं रोजच्या रोज लिहून ठेवावं. नंतर लोक विचारतात आणि नेमकं तेव्हा काही आठवत नाही. तेहतीस वर्षं अंबरनाथच्या शाळेत इतिहास शिकवला. आता तो आपल्याच जिन्यात येऊन उभा राहिलाय म्हटल्यावर पेन शोधलं. तीन पेनं वाळलेली निघाली. चौथं चालतंय.

घडामोड अशी: सोसायटीची निवडणूक लागली. मतदान १२ एप्रिल. कात्रपमधल्या आमच्या तीन विंगांचा आणि अठ्ठेचाळीस फ्लॅटांचा मी अकरा वर्षं अध्यक्ष आहे. आजवर समोर उभं राहायची कुणाची छाती झाली नाही. यंदा बी विंगचा मिलिंद फॉर्म भरणार असं लिफ्टमध्ये ऐकलं. वय अडतीस. आयटी. हाफ पँटमध्ये सोसायटीभर फिरतो. हे सरळसरळ युद्ध आहे.

संकल्प: रोज पाचला उठणे. साखर बंद. मिलिंदशी सभ्य पण थंड वागणे. पुस्तक पूर्ण करणे. (पुस्तकाचं नाव ‘युद्धकाळातल्या सवलती’. इंग्रज युद्धात अडकले की हिंदी लोकांना काय काय देऊ करत, त्यावर. नऊ वर्षं चालू आहे. चौदा पानं झाली, ऋणनिर्देश धरून.)

आज महिला दिन. सुहासिनीला व्हॉट्सॲपवर गुलाबाचं फूल पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. कामात असेल.

९ मार्च, सोमवार. ७.५०

पाचला उठलो नाही. अलार्म झाला असणार, पण या मोबाईलचा आवाजच हळू आहे. पूर्वी सुहासिनी उठवायची.

सुहासिनीबद्दल इथे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. सुहासिनी माझी पत्नी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती चिखलोलीला उन्मेषकडे, म्हणजे आमच्या मुलाकडे, आठ दिवसांसाठी गेली. नात ओवी दुसरीत आहे, तिच्या शाळेच्या वेळा विचित्र आहेत आणि सून श्रद्धा नोकरी करते. आज साडेचार महिने झाले. आमच्यात भांडणबिंडण काही नाही. घरात आवाज चढलेला मला तरी आठवत नाही. आवाज असलाच तर माझा असायचा आणि तोही समजावून सांगण्याचा. आठ दिवसांसाठी जाणाऱ्या बाईनं शिलाई मशीन बरोबर न्यायला नको होतं, एवढंच. पण ओवीचे फ्रॉक शिवायचे असतील.

साखर उद्यापासून बंद. आज डबा उघडाच होता.

११ मार्च, बुधवार. दुपारी

मुत्सद्दीपणाला सुरुवात. सोसायटीच्या ग्रुपवर जाहीरनामा टाकला. निवडणुकीनंतर गच्चीवर पापड वाळत घालायला परवानगी (सध्या बंदी आहे, मीच घातलेली). निवडणुकीनंतर मुलांना खाली सायकल चालवायला अर्धा तास. निवडणुकीनंतर पाहुण्यांच्या गाड्यांचा सहानुभूतीनं विचार. सगळं समिती नेमून, योग्य वेळी.

तासाभरानं एक अंगठा आला. पाहिलं तर माझाच होता, चुकून दाबला गेलेला.

मिलिंद खाली भेटला. म्हणाला, काका, पापडांना परवानगी आत्ताच द्या ना, आई विचारत होती, ऊन काय निवडणुकीसाठी थांबणारे का. मी थंडपणे सांगितलं की युद्धकाळात धोरण बदलता येत नाही. तो म्हणाला, कसलं युद्ध? हा साळसूदपणा मला चांगला ठाऊक आहे. मागच्या बाकावरची पोरं अशीच विचारायची.

१५ मार्च, रविवार. ११.३०

निवडणुकीचा फॉर्म आणला. वाचला. परत वाचला.

एक तांत्रिक अडचण आहे. शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव पहिलं, तो मूळ सभासद. दुसरं नाव असलेल्याला उभं राहायचं असेल तर मूळ सभासदाची लेखी संमती जोडावी लागते. सर्टिफिकेट काढून पाहिलं. पहिलं नाव सुहासिनीचं. दुसरं माझं.

याचं कारण अगदी किरकोळ आहे. फ्लॅट घेतला तेव्हा आमच्या शाळेला अनुदान नव्हतं, पगार कधी यायचा कधी नाही. सुहासिनी उल्हासनगरला टेलिफोन ऑफिसात होती, तिची सॅलरी स्लिप बँकेला चालली. हप्तेही तिच्याच पगारातून गेले. म्हणून कागदावर ती पहिली. बाकी घर माझंच आहे, म्हणजे घरातले निर्णय.

मागच्या दोन्ही निवडणुकांना ती संमती द्यायची. कणकेचे हात पुसून, न वाचता सही करायची. मी पेनचं टोपण काढून धरायचो. आता ती इथे नाही हा काय तो फरक.

१६ मार्च, सोमवार. ८.१५

खूप विचार केला. मागायचं नाही. राज्यकर्ता कधी मागत नसतो, राज्यकर्ता देऊ करतो. १९१७ बघा, १९४० बघा, १९४२ बघा. वेळ आली की सवलती जाहीर करायच्या, समोरचा आपोआप बाजूला येतो. विषयातला जाणकार असण्याचा हा फायदा.

सुहासिनीला काय हवं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. एक आठवतं. मागची गॅलरी. तिथे मशीन ठेवायचं, उजेड चांगला आहे, असं ती म्हणायची. बरीच वर्षं म्हणायची. पण गॅलरीत सोसायटीच्या फायली, जुने पेपर आणि माझे पुस्तकाचे संदर्भ आहेत. ते हलवता येत नाहीत, म्हणजे तेव्हा येत नव्हते.

दुसरं काय हवं होतं? आठवत नाही. मागितलं असतं तर दिलं असतं.

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा

गुढी उभारली. एकट्यानं गुढी उभारणं हे दोन माणसांचं काम आहे. एकानं काठी धरायची, एकानं दोरी बांधायची. तिसऱ्या खेपेला उभी राहिली आणि अकराला तांब्यासकट खाली आली. खालून मिलिंद पळत वर आला, म्हणाला लागलं नाही ना. त्यानं बांधून दिली. शत्रूच्या मदतीनं गुढी उभारली असली तरी ती गुढी माझीच.

दुपारी त्याच्या आईनं पुरणपोळ्या पाठवल्या. दोन. ही उघड लाच आहे. पुरावा म्हणून एक ठेवायचा विचार होता, पण उन्हाळ्यात टिकत नाही.

सुहासिनीचा फोन आला नाही. मी केला. ओवीनं उचलला. म्हणाली, आजी श्रीखंड करतेय, तिचे हात भरलेत. मी म्हटलं, बरं. ओवी म्हणाली, आबा तुमच्याकडे काय केलंय? मी म्हटलं, खूप काय काय.

२० मार्च, शुक्रवार. १०

पोळ्या करायला कुळगावहून राजाबाई येते. तोंडाळ. आज लाटता लाटता म्हणाली, सर, बाय आता काय आपणहून येत नाय, तुमी जा नि घेऊन या. मी तिला म्हटलं की मी जाणारच आहे, वाटाघाटीसाठी, मसुदा तयार होतोय. ती म्हणाली, मसुदा कसला, चला म्हनायचं. शिक्षणाचा अभाव, दुसरं काय.

मसुदा तयार. दोन पानं, टाईप करून घेतली. थोडक्यात: (१) युद्ध संपल्यावर, म्हणजे १२ एप्रिलनंतर, सुहासिनीला घरात पूर्ण स्वायत्तता. तपशील ठरवायला दोघांची समिती, अध्यक्ष मी. (२) मागची अर्धी गॅलरी तिला. कुठली अर्धी ते समिती ठरवेल. (३) तोपर्यंत सध्याची व्यवस्था चालू राहील. टीव्हीचा रिमोट संरक्षण खात्यात येत असल्यामुळे माझ्याकडे. (४) या बदल्यात तिनं घरी परत यावं आणि सोबतच्या संमतीपत्रावर सही करावी.

वाचून पाहिलं. फार उदार झालंय असं वाटलं, पण राहू दे.

२३ मार्च, सोमवार. रात्री ९

आज शिष्टाई. तारीख मुद्दाम निवडली: क्रिप्ससाहेब १९४२ साली सवलतींचा मसुदा घेऊन आजच्याच दिवशी दिल्लीत पोचले होते. उन्मेष ऑफिसातून येताना मला गाडीत घालून चिखलोलीला घेऊन गेला. वाटेत म्हणाला, बाबा, प्लीज आज भाषण नको. मी म्हटलं, मसुदा आहे, भाषण नाही.

सुहासिनी खिडकीशी मशीनवर बसली होती. ओवीचे फ्रॉक नव्हते, कुणाचे तरी ब्लाऊज होते, आठ-दहा. आता बिल्डिंगमधल्या बायका तिच्याकडेच शिवायला टाकतात म्हणे. तब्येत चांगली दिसली. केस कापलेत थोडे. मला कुणी कळवलं नव्हतं.

मसुदा मी उभं राहून वाचला. तिनं मशीन थांबवलं, पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, गॅलरी आत्ता का नाही? मी सांगितलं की युद्ध चालू असताना असे मूलभूत बदल करणं धोक्याचं असतं. तिनं विचारलं, आणि अर्धीच का? मी सांगितलं की ते टप्प्याटप्प्यानं असतं. तिनं आणखी विचारलं, अहो, पण फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे? मी म्हटलं चार एप्रिल, पण त्याचा आणि याचा काही संबंध नाही. श्रद्धा आत गेली. हसण्याचा आवाज आल्यासारखा वाटला, टीव्ही असेल.

सुहासिनी म्हणाली, बघते. आणि जेवूनच जा म्हणाली. भरली वांगी होती. चार पोळ्या खाल्ल्या. ओवी मोजत होती.

एकंदर वातावरण सकारात्मक. गुण: पाचापैकी साडेतीन.

घरी आल्यावर दिवे सगळे लावले. उगीचच.

२८ मार्च, शनिवार. ७.३० संध्याकाळ

कुळगावात ज्येष्ठ नागरिकांपुढे माझं व्याख्यान झालं. विषय अर्थातच माझाच. श्रोते नऊ. त्यातले चार नंतरच्या भजनासाठी टाळ घेऊन आधीच येऊन बसले होते, पण ऐकत होते.

व्याख्यान उत्तम झालं. उमाताई म्हणून एक निवृत्त नर्स आहेत, त्यांनी विचारलं, सर, इंग्रज एवढं देत होते तर आपल्या लोकांनी घेतलं का नाही? मी म्हटलं, छान प्रश्न. सांगितलं की देणाऱ्यानं हातात काहीच ठेवलं नव्हतं, सगळं युद्ध संपल्यावर. जे महत्त्वाचं होतं ते संरक्षण खातं स्वतःकडे ठेवलं आणि हिंदी मंत्र्याला काय देऊ केलं, तर कॅन्टीन, स्टेशनरी आणि छपाई! हशा पिकला. टाळवालेही हसले. आणि सर्वांत महत्त्वाचं, मी म्हटलं, इतकी वर्षं ज्यांनी साधी विचारपूस केली नाही ते आज दारात आले आहेत ते केवळ त्यांचं अडलंय म्हणून, हे न कळण्याइतके आपले लोक दूधखुळे नव्हते. टाळ्या.

उमाताई म्हणाल्या, अगदी मनातलं बोललात. फार समाधान वाटलं. घरी येऊन सुहासिनीसाठी सुधारित प्रस्ताव लिहायला बसलो.

३१ मार्च, मंगळवार. ५ वाजता

फोनवर सुधारित प्रस्ताव मांडला. गॅलरी अर्धीच, पण किराणा, दूधवाला आणि भिंतीवरचं कालनिर्णय ही तिन्ही खाती तात्काळ तिच्याकडे. मग ती म्हणाली, अहो, ती चाळीस वर्षं माझ्याकडेच होती. मी म्हटलं, पण लेखी नव्हती.

ती हसली. खरंच हसली, मी नीट ऐकलं. मला फार बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी. मग म्हणाली, शुक्रवारी येते, सही करून जाते.

करून जाते, असं म्हणाली. बोलण्याच्या ओघात लोक म्हणतात तसं.

२ एप्रिल, गुरुवार. ६ सकाळ

पाचला उठलो! (कपडे सोफ्यावर होते ते कपाटात टाकले. कपाटाचं दार लागेना म्हणून खुर्ची लावून ठेवली. राजाबाईकडून फरशी दोनदा पुसून घेतली. ती म्हणाली, मुलगी बघायला येतात का काय.)

गॅलरी तशीच ठेवलीय. वाटाघाटींच्या आधी हातचं काही सोडायचं नसतं.

३ एप्रिल, शुक्रवार. दुपारी २

सुहासिनी आली. अकरा वाजता. बेल वाजवली. किल्ली आहे तिच्याकडे, तरी बेल वाजवली.

सोफ्याच्या कडेला बसली, पर्स मांडीवर धरून. मी पाणी आणून दिलं. पाणी मी आणून दिलं हे मुद्दाम नोंदवतो. ती उठून गॅलरीपर्यंत गेली, फायलींकडे पाहिलं, परत आली. मी पेनचं टोपण काढून धरलं. तिनं चष्मा लावला आणि या वेळी संमतीपत्र वाचलं, अक्षर न् अक्षर. सही केली. बदल्यात काय हवं ते काहीच बोलली नाही. मसुदा पुढे केला तर म्हणाली, तो राहू द्या.

मग एकच विचारलं. म्हणाली, निवडणूक नसती तर आला असता का हो तुम्ही चिखलोलीला?

प्रश्न अनपेक्षित होता, पण तेहतीस वर्षांचा अनुभव कामाला आला. मी ताबडतोब म्हटलं, इतिहासात जर-तरला स्थान नसतं.

ती मान हलवत राहिली. मग आत गेली, चहा केला. दोघांचा केला, ही जमेची बाजू. दोन्ही कप विसळून पालथे घातले आणि गेली. कपाटासमोर खुर्ची का आहे ते विचारलं नाही. मी गॅलरीतून हात करणार होतो, पण फायलींमुळे कठड्यापर्यंत पोचता येत नाही.

एकूणात घवघवीत यश. संमती मिळाली आणि एकही सवलत प्रत्यक्ष द्यावी लागली नाही. असं जगाच्या इतिहासात क्वचित घडलं असेल. गुण: पाचापैकी पाच.

जेवायची इच्छा नाही. उकाडा वाढलाय.

४ एप्रिल, शनिवार

फॉर्म भरला. मिलिंदनंही भरला. रांगेत तो पुढे होता, मला म्हणाला, काका तुम्ही आधी. कावेबाज.

८ एप्रिल, बुधवार. १२.४०

निकाल लागला.

समितीच्या जागा अकरा. फॉर्म आले नऊ. नऊच्या नऊ बिनविरोध. मतदान होणार नाही. अध्यक्ष कुणी व्हायचं असं विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मिलिंद सर्वांत जोरात म्हणाला, काकाच, काकाच. मग त्यानं मला मिठी मारली. म्हणाला, बरं झालं काका तुम्ही उभे राहिलात, नाहीतर हे लोक मला बसवणार होते, मी तर आई मागे लागली म्हणून फॉर्म भरला, पापडांसाठी.

म्हणजे समोर कुणी नव्हतंच. कधीच नव्हतं, की याच वेळी नव्हतं, ते विचारायचं राहिलं.

हातात हार होता. आणलेला मीच होता, घातला मिलिंदनं.

पापडांना परवानगी दिली.

९ एप्रिल, गुरुवार. १० सकाळ

सुहासिनीला फोन करून कळवलं. ती म्हणाली, अभिनंदन. मनापासून म्हणाली. मी म्हटलं, आता युद्ध संपलंय, आता गॅलरी तुझी, अर्धी नाही, सगळी. दिलेला शब्द आहे.

ती म्हणाली, अहो राहू द्या, आता गरज नाही. मशीन इथे खिडकीशी बसलंय, उजेड छान येतो.

मी म्हटलं, तिथे पश्चिमेचा उजेड असतो, डोळ्यांना चांगला नाही. ती म्हणाली, बरं. माझ्या फोनचा आवाज हळू आहे म्हणून ती पुढे काही म्हणाली असेल आणि ऐकू आलं नसेल असं समजून मी बराच वेळ कानाला धरून होतो.

१२ एप्रिल, रविवार. संध्याकाळी

आज मतदानाचा दिवस होता, म्हणजे असणार होता. सवयीनं इस्त्रीचा शर्ट घातला. खाली जाऊन खुर्चीवर बसलो. कुणी आलं नाही. यायचं कारणही नव्हतं. वर गच्चीत पापड वाळत होते आणि बायकांच्या गप्पांचा आवाज खालपर्यंत येत होता. खूप हसत होत्या.

परत येऊन गॅलरी रिकामी करायला घेतली. दुपारभरात अकरा पोती भरली. सोसायटीच्या निम्म्या फायली कोऱ्या होत्या, नुसती शीर्षकं. चारपर्यंत फरशी दिसली. ती हिरवी आहे हे विसरलो होतो. कठड्याशी जाऊन उभा राहिलो तर समोर चंदेरीचा डोंगर, अगदी स्वच्छ. चोवीस वर्षं या घरात राहतो. राजाबाईला उद्या सांगितलं पाहिजे. तिला माहीत असेल. सुहासिनीला तर असेलच.

खूप मोठी दिसते गॅलरी रिकामी. दोन खुर्च्या सहज मावतील. एक ठेवली.

१५ एप्रिल, बुधवार. ४ वाजता

पुस्तक उघडलं. पंधरावं पान. ‘सवलती नाकारल्या गेल्या तेव्हा राज्यकर्त्यांना काय वाटलं असेल?’ असं शीर्षक लिहिलं. याला संदर्भ सापडत नाही. कुणी लिहून ठेवलेलं नाही.

तिचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही. वर्गात एखाद्यानं असं विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पाच गुणांचा प्रश्न आहे, एका ओळीत उत्तर चालणार नाही. पण हा एका शब्दाचा होता. हो किंवा नाही. आणि मी काय म्हटलं! अकरा वर्षं अध्यक्ष, तेहतीस वर्षं मास्तर, आणि बायकोनं एक साधा प्रश्न विचारला तर पळवाट काढली. गाढव आहे मी. हे लिहून ठेवतो. इथे कोण वाचतंय.

साखर बंद केलेली नाही. पाचलाही उठत नाही. उठून करायचं काय.

१८ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी ७

आज चिखलोलीला गेलो. एकटा, रिक्षानं. कुणी बोलावलं नव्हतं, कुणाला कळवलं नव्हतं. बरोबर फाईल नाही, मसुदा नाही, सही घ्यायची नाही. एक वाक्य तेवढं ठरवलं होतं आणि ते वाटेत म्हणून पाहत होतो. लहानसं वाक्य, पण अशी वाक्यं पाठ होत नाहीत. रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून विचारलं, कुछ बोला क्या अंकल?

उन्मेषच्या बिल्डिंगला मोठं गेट आहे. दर वेळी त्याच्या गाडीतून सरळ आत गेलो, म्हणून लक्षात आलं नव्हतं. वॉचमननं अडवलं. कुठला फ्लॅट, नाव काय, काम काय, सगळं मोबाईलवर भरतात आणि ते वरच्या माणसाच्या फोनवर जातं. फ्लॅट नंबर सांगितल्यावर तो म्हणाला, काका, ते सगळे काल सकाळी गाडीनं कोकणात गेले, आजीपण, मुलीची परीक्षा संपली ना. बुधवारी येतील. तुम्हाला माहीत नव्हतं?

मी म्हटलं, माहीत होतं. विसरलो.

तो म्हणाला, नाव टाकलंय, आता एंट्री पूर्ण करावी लागेल, मेसेज तसाही आजींच्या मोबाईलवर जाईल. काम काय लिहू?

माझ्यामागे पार्सलवाला येऊन थांबला होता. वॉचमननं पुन्हा विचारलं, काम काय, काका? आणि मी सांगून टाकलं. घरी करमत नाही म्हणून आलो, सुहासिनीशिवाय करमत नाही. वर्गात बोलतो तशा खणखणीत आवाजात म्हणालो, त्याला सवयच जबाबदार. पार्सलवाला आपल्या खोक्याकडे बघायला लागला.

वॉचमन भला माणूस होता. हसला नाही. बोट मोबाईलवर तसंच धरून त्यानं हळूच विचारलं, हेच लिहू?

मी म्हटलं, नको. सोसायटीचं काम, असं लिहा.